खाकरणारा भोंगा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

रवळनाथ बिल्डिंग, तिसरा मजला,
लालबाग, मुंबई १२
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप जयवंतदादा यांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ दत्ताराम याचा साष्टांग दंडवत. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. कितपत आहे ते पुढे वाचालच. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा पावसात उचल खातो, त्यांना पहाटे न्हाणीघरात फार वेळ थांबू देऊ नका. यंदा माकडांनी नारळ ठेवलेत की नाही तेही कळवा. इकडे मी, कौसल्याआक्का, विनीत, सूनबाई रुपाली आणि आठ महिन्यांची नात आकांक्षा अशी पाच माणसं दहा बाय बाराच्या खोलीत मजेत आहोत. आक्कानं गेल्या महिन्यात ऐंशी पुरी केली. चार वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता उतरते. ते सांगण्यासाठीच हे पत्र.

तुमचं पत्र पोचलं. तुमचे वडील, म्हणजे आमचे गणपतकाका, जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी हल्ली रोज तुमच्या स्वप्नात येतात, एक हात वर धरून नुसते उभे राहतात आणि बोलत काहीच नाहीत, म्हणून भटजींच्या सल्ल्यानं सर्वपित्री अमावास्येला त्यांची शांत करून त्यांना मोकळं करायचं तुम्ही ठरवलंय, हे वाचलं. त्यावर शेवटी लिहितो. (फोनवर बोललो असतो, पण फोन घरात विनीतच्या समोर करावा लागतो, आणि मी काकांचं नाव काढलं की तो माझ्याकडे डॉक्टरच्या नजरेनं बघायला लागतो.)

आपली बिल्डिंग यंदाही धोकादायक यादीत आहे. संक्रमण शिबिरातल्या खोल्या दिवाळीनंतर मिळतील असं सांगितलंय. (कुठल्या दिवाळीनंतर ते सांगितलेलं नाही.) तोवर एक्केचाळीस बिऱ्हाडं आतच, आणि रोज वर छताकडे बघून चहा पिणं चालू. अशात मार्च महिन्यात माटुंग्याची ऋता नावाची एक मुलगी गळ्यात ओळखपत्र घालून आली. ती म्हणाली की पूर, वादळ, भूकंप ही संकटं देशाची हद्द बघून येत नाहीत, म्हणून चार देशांनी मिळून एक काम काढलंय. जुन्या दाटीच्या वस्त्यांमध्ये माणसांना धोका वेळेवर कसा कळवायचा आणि त्यांना वेळेवर बाहेर कसं काढायचं, हे एकमेकांकडून शिकायचं. मुंबईतून त्यासाठी आपली बिल्डिंग निवडली गेली होती. निवडीचा निकष काय, असं मी कमिटीचा सेक्रेटरी या नात्यानं विचारलं तेव्हा ती जरा अडखळली. (सगळ्यात आधी पडेल अशी दिसणारी, हा निकष होता. मला तो पुढे एका कागदावर वाचायला मिळाला. तरीसुद्धा निवड ती निवड. नाक्यावरच्या चाळीचे लोक अजून जळतात.) उपक्रमाचं नाव इतकं लांब होतं की त्याची पाटी आपल्या दारावर मावेना. शेवटी ती कोपऱ्यात वाकवून दोन भिंतींवर लावली. त्यामुळे रस्त्यावरून येणाऱ्याला फक्त 'आंतरराष्ट्रीय आपत्ती' एवढंच दिसतं.

मग परदेशी मंडळी आली. हॉलंडचे साहेब एकच दिवस आले. उंची साडेसहा फूट. जिन्याच्या पहिल्याच तुळईला कपाळ आपटलं, त्यांनी वहीत 'धोका क्रमांक एक' म्हणून त्या तुळईची नोंद केली आणि कपाळ धरून परत गेले. जपानच्या हारुकोबाई मात्र महिनाभर राहिल्या. बारीकशा, कधीही आवाज न चढवणाऱ्या. आपल्या भिंतींना त्यांनी साबणाच्या वडीएवढ्या डब्या चिकटवल्या. भिंत केसभर कलली तरी डबीला कळतं आणि जिन्याखालच्या पेटीतून आवाज होतो. तीच पेटी बटण दाबून हातानंही वाजवता येते. तिची किल्ली माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. हारुकोबाई मला दत्ताराम-सान म्हणायच्या. एकाहत्तराव्या वर्षी कोणी सान म्हटलं की बरं वाटतं. तिसरे बांगलादेशचे रहमानसाहेब. साठीचे, पांढरी दाढी, पायांत रबरी चपला. त्यांच्या समुद्रकाठच्या गावांत वादळ यायच्या आधी सायकलवरून हातातला भोंगा फिरवत लोकांना उठवायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. हे एवढे मोठे तज्ज्ञ, पण आपल्या गॅलरीत ते मांडी घालून बसले की आपल्यातलेच कोणी बसल्याची भावना व्हायची.

पहिली तालीम झाली ती फजितीची. पेटीतून ॲम्ब्युलन्सच्या जातीचा आवाज निघाला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर इंग्रजीत काहीतरी आलं. आता लालबाग-परळमध्ये इतकी हॉस्पिटलं आहेत की ॲम्ब्युलन्सच्या आवाजाला जो उठेल त्याला दिवसभर बसायलाच मिळायचं नाही. सहा मिनिटांत सगळी बिल्डिंग खाली यायला हवी होती. आली चार माणसं. त्यांतला एक मी, एक दूध आणायला निघालेला आणि दोघं पाण्याच्या मोटरवरून माझ्याशी भांडायला आलेले. आक्का तर जागची हलली नाही. ऋता तिला समजवायला वर गेली, तर म्हणाली, "मी खंय येवचंय नाय. पडली तर माझ्यावर पडांदे." ऋतानं कागदावर लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिक, सहकार्य अपेक्षित.'

त्या दुपारी रहमानसाहेब गॅलरीत बसून आपल्या मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस धोक्याला उठत नाही, ओळखीच्या हाकेला उठतो. त्यांच्याकडेही आधी नुसता सायरन होता, तो ऐकून लोक कूस बदलून झोपायचे. मग गावातलाच माणूस दारोदार जाऊन नावानं हाक मारायला लागला, तेव्हा कुठे घरं रिकामी व्हायला लागली. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, पण चारशे माणसांची नावं पाठ होती. मग त्यांनी आम्हाला विचारलं, असा कुठला आवाज आहे, की जो ऐकून तुम्ही विचार न करता उठायचात? आक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "भोंगो."

दादा, त्या एका शब्दानं साठीच्या वरची सगळी डोकी तिच्याकडे वळली. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली असतील तो आवाज थांबून. चार देशांच्या बैठका कॉम्प्युटरवर झाल्या आणि ठरलं, की पेटीतून आपल्या गिरणीचा भोंगा वाजवायचा. तो जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मंडळाच्या खोलीत आम्ही दहा म्हातारे डोळे मिटून बसलो आणि हारुकोबाई एकेक आवाज काढून दाखवायला लागल्या. तीन दुपारी गेल्या. जाडा करा, खाली आणा, छातीत यायला हवा, असं चाललेलं. मधे दोघांची जुंपली, कारण एकजण समोरच्या गिरणीत होता आणि तिकडचा भोंगा जास्त भारदस्त होता असं त्याचं म्हणणं. मग तेविसावा आवाज आला. मी डोळे उघडले, तर सगळे उठून उभे होते. मीसुद्धा. कधी उठलो ते कळलं नव्हतं.

एक गोष्ट तेवढी आमच्यापैकी कोणीही हारुकोबाईंना सांगितली नाही. आपल्या गिरणीच्या भोंग्याला शेवटी एक शेपूट असायचं. गणपतकाका बॉयलर खात्यात भोंग्याची दोरी ओढायचे, त्यांची दोन बोटं यंत्राच्या पट्ट्यात सापडून ताठ झालेली, त्यामुळे दोरी एकदम सुटायची नाही. लांब भोंगा संपला की क्षणभर थांबून मागून एक आखूड 'हुक्' यायचं. 'गणपत खाकरला, उठा,' असं बाया म्हणायच्या. तुम्हाला ते काय सांगायचं, तुम्ही तर त्यांचा मुलगा. पण ते आवाजात घालायचं राहून गेलं. पेटीतला भोंगा सरळ वाजतो आणि सरळ थांबतो. हे लक्षात ठेवा.

दुसरी तालीम सोमवारी सकाळी साडेसहाला. मी स्वयंसेवकांचा प्रमुख, अंगात भगवं चमकतं जाकीट, गळ्यात शिट्टी. मीच किल्ली फिरवली, मीच बटण दाबलं. जमायचं ठिकाण होतं डाव्या हाताला, शाळेचं मैदान. तरुण मंडळी शिस्तीत तिकडे गेली. सगळी साठीच्या वरची माणसं दारांतून बाहेर पडली, तोंडावर पाणी मारून, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात डबा नाही म्हणून नुसता रुमाल, आणि उजवीकडे वळली. गिरणीकडे. आणि सांगायला लाज वाटते, पण शिट्टी तोंडात धरून मीही त्यांच्याबरोबर. गेटापाशी पोचल्यावर तिथला रखवालदार म्हणाला, "किधर जाना है, बाबा?" मी म्हटलं, पहिली पाळी. त्याच्या मागे गिरणीच्या जागी चाळीस मजली काचेचा टॉवर उभा होता, तरी मी असं म्हटलं.

गेटावर आम्ही रांगेत उभे होतो. बायकांची रांग वेगळी, आणि तिच्यात आक्का. चार वर्षांनी तीन मजले उतरून, कोणाचा हात न धरता आलेली, पदर खोचून वाइंडिंग खात्यातल्या बायांमध्ये आपल्या जागी उभी. इथवर हसण्यासारखं आहे. पण मी बघितलं, तर माझ्यापुढे दोन माणसांची जागा मोकळी होती आणि मागे एकाची. ते तिघं कधीच गेले. सगळ्या रांगेत अशी मोकळी जागा होती आणि ती भरायला कोणीही पुढे सरकत नव्हतं. उन्हं वर आली तेव्हा ऋता धापा टाकत आली आणि मग आम्हाला जाग आल्यासारखं झालं. मला वाटलं, आता आपलं नाव यादीतून काढणार. रहमानसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, माणसं चुकली नाहीत, आपण ठिकाण चुकीचं निवडलं. दोन आठवडे पत्रव्यवहार करून त्यांनी टॉवरवाल्यांकडून गेटासमोरच्या फरसबंदीची परवानगी मिळवली, आणि जमायचं ठिकाण म्हणून कागदावर गिरणीचं गेट आलं. पुढच्या तालमीला नऊ मिनिटांत सगळे तिथे. मग परदेशी मंडळी आपापल्या देशी परत गेली.

यानंतरचं मात्र शांतपणे वाचा. जूनच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी साडेसहाला मी दाढी करत होतो आणि भोंगा झाला. किल्ली माझ्या गळ्यात. म्हटलं, भिंत कलली असणार, आणि अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन खाली धावलो. म्हातारी माणसं निघालीच होती. ती निघालेली बघून तरुण मंडळी कुरकुरत मागून आली. गेटावर अर्धा तास उभे राहिलो. काही पडलं नाही. मग चौकशी सुरू झाली तेव्हा कळलं, की चाळिशीच्या आतल्या एकालाही भोंगा ऐकू आला नव्हता. जपानला विचारलं. पेटी वाजली की तिकडे त्याची वेळ उमटते. हारुकोबाईंनी फार नम्रपणे कळवलं, की पेटी वाजलेली नाही. आम्ही म्हातारे एकमेकांकडे बघत होतो. सगळ्यांच्या मनातलं आक्का बोलली, "खाकारलो." खरं होतं. लांब भोंगा, क्षणभर थांबून, आखूड 'हुक्'.

जुलैत पुन्हा तसंच झालं. विनीत मला शीवला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे कानाला टोप्या लावून बसवलं आणि आलेख काढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुकरची शिटी ऐकू येते का? येते म्हटलं. त्या म्हणाल्या, मग वरचं ठीक आहे, पण खालच्या जाड आवाजांचं विसरा, त्या पट्टीत तुमचे दोन्ही कान बंद आहेत. म्हणजे भोंगा ज्या पट्टीत आहे ती माझ्या कानांना नाहीच. विनीतला यातून सगळं सिद्ध झालं असं वाटलं. मलाही वाटलं, फक्त उलटं: पेटीचा भोंगा मला छातीत धडकून कळत होता, हा मात्र ऐकू आला होता. पुढच्या रविवारी सभा होऊन ठराव झाला, की 'न वाजलेल्या भोंग्यास कोणीही उतरू नये.' सूचक माझाच मुलगा. सेक्रेटरी म्हणून तो ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली सही केली. (आंतरराष्ट्रीय उपक्रम असल्यामुळे त्याचं इंग्रजी भाषांतरही करून पाठवावं लागलं. तिकडे ते वाचून काय वाटलं असेल कोण जाणे.)

आणि दिव्याच्या अवसेला, दुपारी सव्वातीन वाजता, कुठल्याच पाळीची वेळ नसताना, तिसरा भोंगा झाला. असं मी सगळीकडे लिहिलंय, म्हणून इथेही लिहितो. मी तेव्हा खाली मंडळाच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. ठरावामुळे कोणी उतरलं नसतं. पण आक्का उठली, मागच्या गॅलरीकडच्या पाळण्यातून आकांक्षाला उचललं आणि पोर खांद्यावर टाकून जिना उतरायला लागली. रुपाली मोरीत कपडे धूत होती. ती ओल्या हातांनी ओरडत मागे धावली. दुसऱ्या मजल्यावर बातमी पोचेपर्यंत 'म्हातारीनं पोर पळवली' अशी झाली, पहिल्या मजल्यावर ती 'कोणीतरी पोर पळवली' अशी, आणि मग जो तो लाटणं, छत्री, हाताला येईल ते घेऊन खाली. तिसऱ्या मजल्यावरचे नाना, ज्यांची एक बाजू लुळी आहे, त्यांनी भांडण चुकू नये म्हणून स्वतःला खुर्चीसकट उचलून आणवलं. पोलीस बोलवा म्हणणारेही खाली, कशाला बोलवायचे म्हणणारेही खाली. साडेचार मिनिटं. एवढी जलद तालीम कधी झाली नव्हती.

आक्का सरळ गेटावर जाऊन बायकांच्या रांगेच्या जागी उभी राहिली. रुपालीनं रडत रडत पोर तिच्याकडून ओढून घेतली आणि सासूबाईंसमान आत्येसासूला नको नको ते बोलली. तिचं बोलणं चालू असताना मागून आवाज आला. फार मोठा नव्हता. ओली भिंत पडते ती खाली बसल्यासारखी बसते. मागचा मोऱ्यांचा पट्टा आणि आमची मागची गॅलरी तळापर्यंत गेली. धूळ उडाली आणि पावसानं लगेच खाली बसली. रुपाली बोलायची थांबली. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर पाळण्याची एक कडी तेवढी तुळईला लटकत होती आणि तिच्याखाली थेट मागचं आकाश. एक्केचाळीस बिऱ्हाडांतलं एकही माणूस आत नव्हतं. दादा, मी त्या कडीकडे बघून रडलो. विनीतही रडला, पण त्यानं धुळीचं कारण सांगितलं.

आता बिल्डिंगच्या पुढच्या अर्ध्या भागाला टेकू लावलेत. सहा बिऱ्हाडं शाळेत गेली, बाकीच्यांनी जागा सोडायला नकार दिला. (सोडली की गेली, हे लालबागमध्ये शिकवावं लागत नाही.) आम्ही पुढच्या भागातल्या तुमच्या बंद खोलीत आलो आहोत, चावी तुम्ही फोनवरून द्यायला सांगितलीतच. काका जिथे सदरा अडकवायचे त्या कडीला आकांक्षाचा नवा पाळणा आहे. ती त्यात पडून दाराकडे बघून हसते. दारात कोणी नसतं.

उपक्रमाच्या दृष्टीनं मात्र आपण गाजलो. भिंतीवरच्या डबीला हालचाल कळून पेटी वाजली ती सगळे गेटावर पोचल्यावर, रिकाम्या बिल्डिंगमध्ये. हारुकोबाईंनी कळवलं, की नुसत्या यंत्रावर राहिला असता तर तुम्हाला चार मिनिटं मिळाली असती, आणि तुम्हाला नऊ लागतात. तुमच्या बिल्डिंगला यंत्राच्या आधी कळलं, तर कृपया पद्धत सांगा, इतर देशांना उपयोग होईल. सोबत फॉर्म. चेतावणी देणाऱ्याचं नाव: गणपत सखाराम. खातं: बॉयलर. अनुभव: चौतीस वर्षं. उपलब्धता: चोवीस तास. सध्याचा पत्ता: ही जागा मी कोरी सोडली. ऋतानं फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाली, "काका, ॲक्च्युअली त्यांना ह्यांचा सत्कार करायचाय, व्हिडिओवर येऊ शकतील का?" मी म्हटलं, ते कोणाच्या समोर येत नाहीत. रहमानसाहेबांनी काही विचारलं नाही. त्यांनी एवढंच कळवलं, की आमच्याही गावात असा एक आहे, त्याच्याशी वाद घालू नका, दार उघडं ठेवा.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कोकम संपलं आहे, येणाऱ्याबरोबर पाठवा. लोभ आहेच, तो या पावसाळ्यापुरता जरा जास्त असू द्या.

आपला आज्ञाधारक,
दत्ताराम

ता. क. : शांतीबद्दल लिहायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, धीर होत नव्हता. फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न होता: ही व्यक्ती उपलब्ध नसल्यास पर्यायी व्यक्ती कोण? तिथे मी 'कोणी नाही' असं लिहिलंय. मुलगा या नात्यानं वडिलांना मोकळं करायचा हक्क तुमचा आहे, मी कोण मधे पडणारा. पण यंदाची सर्वपित्री जाऊ द्या. खोल्या मिळाल्या की मी स्वतः गावी येतो, नारळ मी फोडतो, आणि आपण दोघं मिळून त्यांना रीतसर निरोप देऊ. तोवर ते स्वप्नात येऊन हात वर धरून उभे राहिले तर उठवू नका. ते दोरी धरून आहेत.

ता. क. दुसरा : पत्र आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणते, खोटं कशाला लिहितोस. दिव्याच्या अवसेला भोंगा झालाच नव्हता. (मलाही ऐकू आला नव्हता. आक्का उतरली म्हणजे झाला असणार, असं मी धरून चाललो.) मग तू का उतरलीस, असं विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. "भोंगो खंयचो? दारात उबे होते. 'गो कवशे, चेडवाक घे नि खाली उतर,' म्हणान हाक मारल्यानी." तिला कवशे म्हणणारं माणूस आता या जगात उरलेलं नाही. तिनं विचारलं म्हणे, काकानू, इतक्या वर्सांनी इलास, चाय घेतास? तर म्हणाले, "नको गो. ड्युटीर आसंय." दादा, गिरणीनं त्यांना एका दुपारी अर्ध्या पाळीतून, नोटीस न देता घरी पाठवलं होतं. तुम्ही तरी तसं करू नका.